मागचं गेट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ‘बागांना जोडणाऱ्या पायवाटा’ या विषयावर केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना घाईत जे राहून गेलं, ते दोन-तीन ठिकाणी भरलं आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी ज्येष्ठांचा सत्कार झाला आणि माझ्यानंतर जेवण आहे. मसालेभाताचा वास इथपर्यंत यायला लागलाय. म्हणजे माझ्याकडे खरी वेळ किती आहे, हे मला समजतं.

विषय समितीनंच दिला. मी नोकरीत असताना एका महापालिकेच्या पथ विभागात एकतीस वर्षं काढली. त्यामुळे ‘काका, तुम्ही रस्त्यांवर बोला’ असं ठरलं. मी म्हटलं, रस्त्यांवर सगळेच बोलतात, मी पायवाटांवर बोलतो. त्यातही एका बागेतून दुसऱ्या बागेत चालत कसं जायचं, एवढ्यावरच बोलतो. पण खरं सांगायचं तर आज मला एक कबुलीसुद्धा द्यायची आहे. ती शेवटी देतो, म्हणजे जेवणाआधी कुणी उठून जाणार नाही.

आपली सोसायटी कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे, पण आपण ती नेहमी गाडीच्या नजरेनं पाहतो. कुणाला पत्ता सांगताना आपण सिग्नल, पेट्रोल पंप, डावीकडे वळा असंच सांगतो. आता जरा चालणाऱ्याच्या नजरेनं पाहू. आपल्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी, ‘वरची बाग’ आहे. आपल्या मागे, बैठ्या घरांची गल्ली संपते तिथे, नाल्याकाठी ‘खालची बाग’ आहे. आपण बरोबर दोघींच्या मधे आहोत.

गेल्या महिन्यात सी विंगमधली तीन मुलं आणि मी, असे चौघं टेप घेऊन फिरलो. मुलांना सुट्टी होती आणि मी कायमचाच सुट्टीवर आहे. आम्ही मोजलं ते असं. वरच्या बागेपासून आपल्या पुढच्या गेटपर्यंत १८० मीटर. पुढच्या गेटपासून आवारातून मागच्या गेटपर्यंत ९० मीटर. मागच्या गेटपासून गल्लीतून खालच्या बागेपर्यंत ३४० मीटर. एकूण ६१० मीटर. साधारण माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो असं धरलं, तर आठ मिनिटांत एका बागेतून दुसऱ्या बागेत.

पण मागचं गेट बंद आहे. त्यामुळे आपण मुख्य रस्त्यानं वळसा घालून जातो. तो रस्ता मोजला तर १,४५० मीटर भरला. अठरा मिनिटं, आणि वाटेत दोन ठिकाणी मोठा रस्ता ओलांडायचा.

आता तुम्ही म्हणाल, दहा मिनिटांचा तर फरक! तरुण माणसाला तो जाणवणारही नाही. पण कुणी चालायला जाईल की नाही जाणार, हे त्या दहा मिनिटांवरच ठरतं, असा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. शिवाय ती दहा मिनिटं कशी जातात हेही बघायला हवं.

मुलांनी मुख्य रस्त्याचा फूटपाथ टेपने मोजला. कागदावर तो दोन मीटर रुंद आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची हवी, आणि फूटपाथची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. म्हणजे कागदावर आपला फूटपाथ पास आहे. प्रत्यक्षात विजेचा डीपी आणि गुलमोहराचं खोड यांच्यामध्ये ६२ सेंटिमीटर उरतात. एका जागी कड २८ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागतात. गाड्या आत घेण्यासाठी फूटपाथ नऊ ठिकाणी तोडलाय, म्हणून नऊ वेळा उतरा आणि नऊ वेळा चढा. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सर्वेक्षकानं वहीत शेरा लिहिला, ‘आजी इथून जाऊ शकणार नाही.’ मी नोकरीत पुष्कळ अहवाल वाचले. इतका नेमका शेरा क्वचित वाचला.

रस्ता ओलांडण्याचंही एक गणित आहे. सिग्नलची वेळ ठरवताना साधारणपणे माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. आपल्या चौकात रस्ता १८ मीटर आहे, म्हणजे पंधरा सेकंद लागायला हवेत. तिथे हिरवा माणूस सोळा सेकंद दिसतो. हिशेब बरोबर आहे, अगदी एक सेकंद शिल्लकसुद्धा! पण गुडघे दुखणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो. त्याला बावीस-तेवीस सेकंद लागतात. सोळाव्या सेकंदाला तो रस्त्याच्या मधोमध असतो आणि दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू होतात. असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा जात नाही. घरी विचारलं तर सांगतो, ‘आज कंटाळा आला.’

बागा जोडायची कल्पना काही आजची नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी आखलं, त्यातले एक फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. त्यांनी १८७८ पासून पुढे बॉस्टन शहरात बागांची एक माळच गुंफली. एक बाग संपते तिथून झाडांची वाट निघते, ती पुढच्या बागेत पोचते, मधे तळं येतं, ओढा येतो. सुमारे ११०० एकरांची ही माळ. लोक तिला पाचूचा हार म्हणतात. तो हार पुढे एका जागी तुटला. जिथे बागांची ओळ चार्ल्स नदीला मिळते, तिथे १९६० च्या दशकात उड्डाणपूल बांधला गेला. बागा जागेवर राहिल्या, नदी जागेवर राहिली, मधला दुवा मात्र पुलाखाली गेला.

हे मी मुद्दाम सांगतोय. बाग तोडायची म्हटलं तर लोक रस्त्यावर येतात, वर्तमानपत्रात पत्रं येतात. मधली वाट तुटली तर ओरडणारं कुणी नसतं, कारण ती कुणाच्याच नावावर नसते.

आपल्या पुण्यातच पाहा. पर्वती आणि सारसबाग या आपण दोन वेगळ्या जागा समजतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधलं. आज सारसबागेत जो गणपती आहे तो त्या तळ्यातल्या बेटावरचा, म्हणून तर तो ‘तळ्यातला गणपती’. टेकडी, तळं आणि देऊळ हे सगळं एकमेकांना धरून होतं. तळं गेलं, बाग झाली, तेही छान झालं. पण आज पर्वती उतरून सारसबागेत चालत जायचं म्हटलं तर मधला रस्ता आणि त्याची वाहनं आधी आठवतात. अंतर वाढलेलं नाही, तरी बरेच जण पर्वतीला एक गाडी काढतात आणि सारसबागेला दुसऱ्या दिवशी दुसरी काढतात.

याउलट एक उदाहरण मी स्वतः पाहिलं, सिंगापूरला. आमची लेक तिथे बिशान भागात राहते. गेल्या वर्षी आम्ही दोघं तीन महिने तिच्याकडे होतो. तिच्या घराजवळ मोठी बाग आहे. कलांग नदी पूर्वी तिथून सिमेंटच्या सरळसोट कालव्यातून जायची. २०१२ साली तो कालवा काढून नदीला पुन्हा वळणं घेत बागेतून वाहू दिलं. मी रोज सकाळी तिथे जायचो. आठवड्यानं माझ्या लक्षात आलं, की बाग संपते पण चालायची वाट संपत नाही. ती कालव्याच्या काठाकाठानं पुढच्या बागेकडे जाते.

तिथे या वाटांना पार्क कनेक्टर म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे काम हाती घेतलं आणि आज या वाटांचं जाळं ३०० किलोमीटरच्या वर गेलंय. आता सिंगापूर म्हटलं की आपण लगेच म्हणतो, ‘त्यांच्याकडे पैसा आहे हो!’ पैसा आहेच. पण पथ विभागातल्या माणसाच्या नजरेला वेगळी गोष्ट दिसली. जमीन त्यांच्याकडे आपल्याहून महाग आहे. वाटांसाठी नवी जमीन घ्यायची म्हटली असती तर त्यांनाही परवडली नसती. म्हणून त्यांनी जी होती तीच वापरली. कालव्याच्या काठाला साफसफाईसाठी पट्टी राखलेली असते. उन्नत रेल्वेखाली जागा असते. मोठ्या रस्त्याच्या कडेला थोडी जास्तीची पट्टी असते. तिथे वाट केली, झाडं लावली, बाकडी टाकली, दिवे लावले.

आणखी एक गोष्ट. तिथल्या सरकारी गृहनिर्माण इमारतींचा तळमजला बहुतेक मोकळा असतो. नुसते खांब, मधे एखादं बाकडं, बुद्धिबळाचं टेबल. त्या इमारतीत न राहणारी माणसंसुद्धा तिथून आरपार चालत जातात. पहिल्या दिवशी मला फार संकोच वाटला. दुसऱ्याच्या सोसायटीतून आपण कसे जातोय! लेकीला म्हटलं, ‘वॉचमन अडवणार नाही ना?’ ती हसली. म्हणाली, ‘बाबा, इथे लोक असेच जातात. आणि लोक जातात म्हणून तर रात्रीसुद्धा भीती वाटत नाही.’

जेन जेकब्स नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९६१ साली शहरांवर पुस्तक लिहिलं, त्यात नेमका हाच मुद्दा आहे. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या, दुकानदारांच्या आणि खिडकीतून बघणाऱ्यांच्या नजरेमुळे. पोलीस नंतर येतात. नजर आहे तिथे चोराला अवघड जातं. ज्या बोळात कुणी जातच नाही, तो बोळ आपण भीतीपायी आणखी ओस पाडतो आणि मग तो खरोखरच भीतीचा होतो.

आता आपल्या मागच्या गेटकडे येतो. आणि कबुलीकडेही.

स्मरणिका समितीनं मला जुन्या इतिवृत्ताच्या वह्या दिल्या होत्या, गमतीजमती शोधायला. पाण्याच्या टँकरवरून झालेली भांडणं, गणपतीच्या वर्गणीचा वाद, लिफ्टमध्ये कुत्रा न्यावा की नाही यावर झालेली पाऊण तासाची चर्चा, सगळं त्यात आहे. त्या वहीत २००९ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा एक ठराव सापडला. ‘सोसायटीच्या मागील बाजूचे लहान गेट सुरक्षेच्या कारणास्तव कायमस्वरूपी बंद करण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर.’ सूचक म्हणून खाली नाव माझं आहे. तेव्हा मी सेक्रेटरी होतो. इतिवृत्त लिहिलंयही मीच. अक्षर चांगलं आहे.

त्या वर्षी आपल्या आवारातून तीन सायकली गेल्या होत्या. सगळे चिडले होते आणि काहीतरी करायला हवं होतं. गेट बंद करणं सोपं होतं. एक कुलूप आणि दोन वेल्डिंगचे टाके. लिफ्टमधल्या कुत्र्याला पाऊण तास दिला होता, या ठरावाला चार-पाच मिनिटं लागली असतील. चौथी सायकल गेट बंद केल्यावर दोन महिन्यांनी गेली. पुढच्या गेटनं. तेव्हा मात्र ‘पुढचं गेट बंद करा’ असं कुणी म्हणालं नाही.

जुन्या सभासदांना माझे वडील आठवत असतील. अण्णा. आई गेल्यावर २००३ मध्ये ते गावाहून आमच्याकडे आले. शहरात त्यांचं कुणी नव्हतं. पण रोज संध्याकाळी पाच वाजता ते मागच्या गेटनं गल्लीतून खालच्या बागेत जायचे. तिथे त्यांच्यासारखे चार-पाच म्हातारे बसायचे. त्यातले एक मागच्या गल्लीतच राहायचे, लोहारकाम केलेले. दोघांची गावं एकाच तालुक्यातली निघाली. मग काय, पाऊस, ज्वारी, कुणाचं लग्न, कुणाची विहीर, सात वाजेपर्यंत गप्पा चालायच्या.

गेट बंद झालं तेव्हा मी अण्णांना सांगितलं, ‘आता मुख्य रस्त्यानं जात जा. थोडं लांब पडेल, तेवढाच व्यायाम होईल.’ एकतीस वर्षं पथ विभागात काढणारा माणूस हे बोलला! अण्णा पंधरा-वीस दिवस गेले. मग म्हणाले, गुडघा धरतोय. मग गॅलरीत बसू लागले. माझ्याकडे त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, कारण सेक्रेटरीच्या वडिलांनी तक्रार कशी करायची?

एका संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आलो. अण्णा गॅलरीत नव्हते. शोधत खाली गेलो, तर मागच्या बंद गेटपाशी घरातली घडीची खुर्ची टाकून बसले होते. गेटच्या पलीकडे पायरीवर ते लोहारकाका बसले होते. मधे गज. दोघं गजांतून बोलत होते. मला बघून अण्णा खुर्ची आवरायला लागले, जणू काही माझीच चूक त्यांनी केली होती.

मी तेव्हाही काही केलं नाही. ठराव झाला होता, सर्वानुमते. अण्णा २०१५ मध्ये गेले. लोहारकाका दहाव्याला आले होते. मुख्य रस्त्यानं, रिक्षा करून.

हे मी डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाही. अण्णांसाठी आता काही करता येणार नाही. पण आज आपल्या तीन विंगमध्ये साठीच्या पुढची किती माणसं आहेत, ते मघाशी सत्काराच्या रांगेत सगळ्यांनी पाहिलं. वीस मिनिटं शाली संपत नव्हत्या. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे तरुण होतो, तेव्हा सोसायटी पार्किंगच्या हिशेबानं चालवली. आता ती गुडघ्यांच्या हिशेबानं चालवायची वेळ आलीय.

आणि फक्त आपल्याच गुडघ्यांच्या नाही. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींपैकी काहीजणी खालच्या बागेपाशी राहतात. मागचं गेट उघडं असतं तर त्यांना पुढच्या गेटपर्यंत ४३० मीटर पडले असते. आज १,२७० पडतात. प्रत्येक खेपेला ८४० मीटर जास्त. सकाळी येणं-जाणं, संध्याकाळी येणं-जाणं, म्हणजे दिवसाला चार खेपा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ८७ किलोमीटर होतात. म्हणजे जवळजवळ पुणे ते वाई. दर महिन्याला. एका कुलपासाठी.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे गेट पुन्हा उघडण्याचा ठराव मी मांडणार आहे. त्यावर जे आक्षेप येतील ते मला माहीत आहेत, कारण २००९ मध्ये ते सगळे मीच मांडले होते. तेव्हा एकेक घेऊ.

पहिला आक्षेप चोरीचा. उत्तर असं, की गेट दिवसरात्र उघडं ठेवायचं नाही. पहाटे साडेपाच ते रात्री नऊ. मागच्या बाजूला दोन चांगले दिवे आणि एक कॅमेरा. आज तो कोपरा अंधारा आहे आणि तिथे कुणीच फिरकत नाही. भंगार कुठे ठेवायचं म्हटलं की आपण तिथेच ठेवतो.

दुसरा आक्षेप वहिवाटीचा. बाहेरची माणसं वापरू लागली की त्यांचा कायमचा हक्क तयार होईल, असं पुष्कळांना वाटतं. ही भीती अगदीच निराधार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखादी वाट वीस वर्षं हक्कानं, उघडपणे आणि विनाअडथळा वापरली तर तसा हक्क मिळू शकतो. मात्र महत्त्वाचा शब्द आहे ‘हक्कानं’. मालकाच्या परवानगीनं वापरली तर ती परवानगी असते, हक्क नसतो. म्हणून ठरावातच तसं लिहायचं, गेटवर वेळेसकट पाटी लावायची, ‘ही वाट सोसायटीच्या परवानगीने वापरण्यास खुली आहे’, आणि दरवर्षी सभेत ती परवानगी पुन्हा द्यायची. आधी वकिलांना ठरावाचा मसुदा दाखवायचा. माझ्या अक्षरावर जाऊ नका.

तिसरा आक्षेप दुचाकींचा. हा खरा आक्षेप आहे आणि याला सोपं उत्तर नाही. व्हीलचेअर जायला साधारण ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. एवढ्यातून स्कूटर आरामात जाते. स्कूटर अडेल आणि व्हीलचेअर जाईल असं गेट मी तरी नोकरीत बघितलं नाही. त्यामुळे व्हीलचेअरसाठी जागा सोडायची आणि स्कूटरसाठी नियम करायचा. पहिले तीन महिने संध्याकाळी तिथे वॉचमन उभा करू. आपल्यातल्याच मुलांना शॉर्टकट मारायची सवय लागणार आहे, बाहेरच्यांना नंतर लागेल. पालकांनी लक्ष द्यावं.

चौथा आक्षेप कुणी सभेत बोलणार नाही, पण लिफ्टमध्ये बोलेल. ‘गल्लीतली मुलं आपल्या आवारात येतील.’ येतील. नव्वद मीटर चालतील आणि वरच्या बागेत खेळायला जातील. आपली मुलं त्यांच्या गल्लीतून ३४० मीटर चालून खालच्या बागेत जातील. त्यांची वाट आपल्यापेक्षा जवळजवळ चौपट जास्त वापरली जाणार आहे. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

माझा ठराव एका वर्षासाठी प्रायोगिक आहे. सहा महिन्यांनी कमिटीनं आढावा घ्यावा. वर्षानं पटलं नाही तर पुन्हा कुलूप लावा. कुलूप स्वस्त असतं.

बाकीचं काम महापालिकेचं आहे आणि त्यासाठी आपण पत्र द्यायचं. वरच्या बागेसमोर ठळक झेब्रा पट्टे, गल्लीत बंद पडलेला दिवा, डीपीजवळची ६२ सेंटिमीटरची जागा. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, त्या दिवशी रस्त्यात वाहनं नसतात आणि माणसं मधोमध चालतात. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानाशेजारी फूटपाथ रुंद झाला, बाकडी आली, तेव्हा तिथे माणसं बसायला लागली हे आपण पाहिलं. म्हणजे मागण्यासारखं काही वेगळं मागत नाही. पण पत्र लिहिताना पालिकेचा अधिकारी आपल्याला विचारू शकेल, ‘तुमच्या स्वतःच्या नव्वद मीटरचं काय?’ मी त्या खुर्चीत बसलोय. मी तरी विचारलं असतं.

मोठ्या शहरांच्या मोठ्या योजनांबद्दल आपण पेपरात वाचतो आणि वाटतं, हे आपल्या हातात नाही. बागा पालिकेच्या, रस्ते पालिकेचे, सिग्नल पोलिसांचे. इथे मात्र दोन बागांमधल्या ६१० मीटरपैकी ५२० मीटर आजही चालण्यासारखे आहेत. अडलंय ते मधल्या नव्वद मीटरवर, आणि तेवढेच नेमके आपल्या मालकीचे आहेत.

शेवटी एक विनंती. सभेच्या आदल्या रविवारी सकाळी सात वाजता पुढच्या गेटपाशी जमा. आपण सगळे मुख्य रस्त्यानं खालच्या बागेत चालत जाऊ. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनीही यावं, सावकाश जाऊ, सिग्नलला थांबू. येताना गल्लीतून परत येऊ. त्या एका सकाळपुरतं मागचं गेट उघडायला कमिटीनं परवानगी दिली आहे. वेल्डिंगचे टाके कालच काढून घेतलेत. दोन्ही वाटा चाला आणि मग सभेत हात वर करा. नको असेल तर नको म्हणा, मला राग येणार नाही. फक्त या वेळी चार मिनिटांत ठरवू नका.

कुलपाची किल्ली सोळा वर्षं माझ्या कपाटात पडून होती. ती मी आज अध्यक्षांकडे देतो. (इथे किल्ली अध्यक्षांकडे दिली. ती गंजली होती, हेही नोंदवतो. नवीन कुलपाची व्यवस्था सी विंगकडे आहे.)

खालच्या बागेत नाल्याच्या बाजूला पिंपळाखाली एक बाकडं आहे. लोहारकाका आता नव्वदीच्या घरात आहेत, पण संध्याकाळी अजून तिथे असतात. त्यांना मी सांगितलंय, की रविवारी माणसं येणार आहेत.

 मसालेभात गरम आहे तोवर थांबतो.